पाकिटावरचं तिकीट

“ती सायकल? ती कोण नेणार हो साहेब? भंगारवाला परवा वाकून बघून पुढे गेला,” इमारतीचा राखणदार म्हणाला आणि मनापासून हसला. त्या हसण्यात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. चार वर्षं या साहेबांची सायकल जिन्याखाली बिनकुलपाची उभी होती आणि चार वर्षं ती कुणी नेली नव्हती. या गोष्टीचा त्याने मनातल्या मनात एक लहानसा अभिमान पाळला होता. तिसऱ्या मजल्यावरचा विमावाला आपल्या चकचकीत सायकलीला दोन साखळ्या आणि तीन कुलपं घालायचा आणि रोज सकाळी किल्ल्यांसाठी खिसे चाचपत उभा राहायचा. त्याच्या शेजारून आपली सायकल नुसती ओढून बाहेर काढताना याला त्या माणसाची अशी काही कीव यायची की दिवस चांगला सुरू व्हायचा. भित्रा आहे लेकाचा. चोराच्या डोक्यात काय चालतं ते याला कळत नाही, म्हणून कुलपं. आपल्याला कळतं. आज त्या कुलपांवरूनच राखणदाराशी बोलणं निघालं, त्याने जरा ऐटीत स्वतःचं उदाहरण दिलं, आणि ज्याला स्वतःच्या शिट्टीपलीकडे काही ठाऊक नसावं अशी त्याची समजूत होती, त्या माणसाने एका वाक्यात चार वर्षांची ऐट काढून हातात दिली. तो नुसता “हं” म्हणाला आणि सायकल ओढत बाहेर पडला, आणि आज पहिल्यांदाच तिचा गंज हाताला लागला.

रस्त्यावर आल्यावरही ते वाक्य मागच्या चाकात अडकलेल्या चिंधीसारखं फटफटत राहिलं. एरवी तो माणसांना नावं ठेवत सायकल चालवायचा. त्याशिवाय त्याचे पाय चालत नसत. हा बघा, हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवतोय, कोपर फुटू नये म्हणून. ही बघा, सिग्नलला उभी राहून फोनवर सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडतेय की आम्हाला हाच फ्लॅट हवाय, काहीही करा पण हाच. आता मालक वाढवेल किंमत आणि मग बसेल रडत. अशा लोकांचा त्याला मनस्वी तिटकारा होता आणि त्याची नोकरी तर अशाच लोकांना वाचवण्याची होती. ब्लॉकचेनवर, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या सगळ्यांना दिसणाऱ्या खातेवहीवर, एक नाणं देऊन दुसरं घ्यायचं म्हटलं, की तो व्यवहार पक्का होण्याआधी काही सेकंद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा पडून राहतो. तिथे लुटारूंची यंत्रं टपलेली असतात. कुणीतरी मोठी खरेदी करायला निघालाय असं दिसलं, की ती जास्त पैसे मोजून रांगेत त्याच्या पुढची जागा घेतात, तेच नाणं आधी उचलतात, भाव चढवतात, त्या बापड्याला चढ्या भावाने घ्यायला लावतात आणि त्याच्या पाठोपाठ विकून मोकळी होतात. पुढे एक, मागे एक, मध्ये गिऱ्हाईक. कुणी खिशात हात घालत नाही, कुणी कायदा मोडत नाही, आणि लुटलेल्याला बहुतेक वेळा कळतही नाही की आपण लुटलो गेलो. त्याच्या कंपनीने यावर तोड काढली होती. व्यवहार बंद पाकिटात घालायचा, बंदच रांगेत लावायचा, आणि रांग पक्की झाल्यावरच पाकीट फोडायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ खरोखर झाकलेली आहे की नाही हे तपासण्याचा पगार त्याला मिळत होता. कचेरीत त्याला चाळणी म्हणत. कुणी तोंडावर म्हणत नसे, पण ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला आवडलं होतं.

आज गुरुवार होता आणि चार वाजता ही बंद पाकिटांची सोय, कंपनीच्या भाषेत झाकली वाट, सगळ्यांसाठी उघडायची होती. त्याआधी आठ दिवस तीस जणांना चाचणीसाठी तिचं दार उघडून दिलं होतं. त्या तिसांच्या यादीत त्याने ताईचं नाव घुसडलं होतं, उपकार केल्यासारखं. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. घरी बसून कॉम्प्युटरवर भरतकामाचे नमुने काढायची. परदेशातली एक कंपनी ते विकत घ्यायची आणि तिचा मोबदला नाण्यांत द्यायची. भावोजी या सगळ्याला “तुझी ती चित्रं” म्हणत. दीड वर्ष ती नाणी साठवत होती, भरतकामाचं स्वतःचं मशीन घेण्यासाठी, म्हणजे मग भावोजींपुढे हात पसरायला नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते ती मोठ्याने कधी म्हणायची नाही, पण त्याला माहीत होतं. गेल्या वर्षी तिने थोडी नाणी मोडायला काढली तर आठ टक्के वाटेतच गेले. तिने घाबरून फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, “एवढं मोठं तोंड उघडून बाजारात जायला तुला सांगितलं कुणी?” मग ती लहान लहान तुकडे करून पाठवायला लागली, त्यावरही तो हसला. आठ दिवसांपूर्वी दार उघडून दिलं तेव्हा त्याने तिला बजावलं, “आता तुकडे करत बसू नकोस, एकदम पाठव. आणि भाव किती सरकला तर चालेल असं ॲप विचारेल, तिथे पाच टक्के आहेत ते तसेच राहू दे. कमी केलेस तर व्यवहार अडकेल आणि मला फोन करत बसशील.” ताई म्हणाली, “बरं बाबा, तू म्हणशील तसं.” मशीनचे पैसे शुक्रवारी भरायचे होते.

कचेरीत त्याच्या टेबलावर अहवाल तयार होता, चौऱ्याऐंशी पानांचा, फक्त सही राहिली होती. चार हजार तीनशे व्यवहार त्याने झाकल्या वाटेने पाठवले होते आणि एकालाही कुणी हात लावला नव्हता. संचालक येता-जाता काचेतून अंगठा दाखवत होता. या माणसाला पाकीट आणि पाकीटमार यांतला फरक समजावून सांगायलाही त्याला तीन बैठका लागल्या होत्या. पलीकडे प्रसिद्धीवाले फुगे फुगवत होते, खरेखुरे, रबराचे, तिशी ओलांडलेले पुरुष गाल फुगवून. त्याने पेनचं टोपण काढलं. कागद गार होता. वरच्या झरोक्यातून येणारा थंड वारा नेमका मानेवर पडत होता, आणि पेन टेकवता टेकवता त्याला सकाळचं वाक्य आठवलं. ती कोण नेणार हो साहेब. चार हजार तीनशे व्यवहार, आणि प्रत्येक व्यवहार एका चहाच्या किमतीएवढा, कारण चाचणीला कंपनीचा पैसा जास्त खर्च करायचा नाही असं ठरलं होतं. चहाएवढ्या रकमेसाठी कोणता लुटारू रांगेतली जागा विकत घेईल? त्यात त्यालाच तोटा. हात लावला नाही, कारण हात लावण्यासारखं काही नव्हतंच. जिन्याखालची सायकल चार हजार तीनशे वेळा उभी करून आपण शहर प्रामाणिक आहे असं चौऱ्याऐंशी पानांत लिहून काढलं होतं.

तो उठून हात धुवायला गेला. नळाला हात दाखवला की पाणी येतं अशी तिथली रचना, आणि हात दाखवूनही येत नव्हतं. तो आरशासमोर भीक मागितल्यासारखा हात पुढे करून उभा राहिला. आणि तिथे त्याला बाईंची नोंद आठवली. बाई म्हणजे कचेरीतल्या गणिताच्या जाणकार. वीस वर्षं शाळेत गणित शिकवून मग इथे आलेल्या, पन्नाशीच्या, डबा खाऊन झाल्यावर टेबल स्वतः पुसणाऱ्या. तो त्यांना बाई म्हणायचा ते वर्गातल्या मागच्या बाकावरून म्हणावं तसं. झाकल्या वाटेवर फुकट्यांची गर्दी होऊ नये म्हणून पाकिटाबरोबर अनामत घ्यायची, हा नियम त्याचा स्वतःचा. लोक चेंगट असतात, उगाच पाकिटं टाकून रांग अडवतात, त्यांच्या खिशाला चिमटा बसल्याशिवाय त्यांना अक्कल येत नाही, असं त्याने भर बैठकीत सांगितलं होतं. अनामत व्यवहाराच्या शंभराव्या भागाइतकी, आणि जे नाणं द्यायचं त्याच नाण्यात, पाकिटाच्या बाहेर, उघडी. यावर बाईंनी सहा महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, “पाकिटावर तिकीट किती लावलंय ते बघून आत वजन किती ते पोस्टातल्या कारकुनालाही कळतं. अनामत सर्वांना सारखीच असावी.” खाली त्याने एकच शब्द लिहिला होता: असंबद्ध. मग तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून आणखी एक ओळ: आधी वाचावे, मग लिहावे. नळाला एकदम पाणी आलं आणि त्याच्या बाह्या भिजल्या.

लहानपणी आई भाजी घ्यायला निघाली की ताईला आणि त्याला बरोबर न्यायची. तो सहा वर्षांचा असेल, पिशवी त्याच्या हातात. आई सगळ्या गाड्यांवरून फिरायची, वांग्यांना नाकं मुरडायची, कोबीचा भाव विचारायची, टोमॅटो हातात घेऊन परत ठेवायची, आणि ज्याच्यासाठी आलो ते कांदे मात्र तिच्या खिजगणतीतही नाहीत असं दाखवायची. ताकाला तूर लागू द्यायची नाही. त्याला त्या नाटकाची लाज वाटे. तेव्हाही वाटे; माणसाला बुद्धी फुटण्याआधी तुच्छता फुटत असावी. एकदा गाडीवाल्यासमोर तो मोठ्याने म्हणाला, “आई, आपल्याला तर कांदेच हवेत ना? घरात एकही नाही म्हणालीस.” गाडीवाला हसला आणि त्याने जो भाव सांगितला त्याच भावाने आईला कांदे घ्यावे लागले. वाटेत ताईने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, जड झाली असेल म्हणून. पुढे तो मोठा झाला, शिकला, आणि आईने गाड्यांपुढे जे तोंडाच्या एका वाकडेपणात साधलं होतं ते साधण्यासाठी चाळीस माणसांच्या कंपनीत नोकरीला लागला, आणि तिथेही पिशवी हातात धरून त्याने मोठ्याने सांगून टाकलं होतं काय हवंय ते. हे त्याला कळलं. हे त्याला अगदी स्वच्छ कळलं, आणि लगेच त्याने ते बाजूला सारलं, कारण कळण्यापेक्षा सिद्ध करणं बरं. सिद्ध करताना माणसाला ताठ बसता येतं.

जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, त्याने स्वतःच्या बचतीतली नाणी काढली. थोडीथोडकी नव्हेत, दोन वर्षांच्या बचतीतली निम्मी. बंद पाकिटात घातली. भावाची मुभा पाच टक्के, ॲपमध्ये मुळातच असते तशी. बाहेर अनामत उघडी. बटणावर बोट ठेवताना त्याला घाम आला, आणि घाम आल्याचा राग आला. बारा सेकंद. त्या बारा सेकंदांत आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं त्याला वाटलं. माणूस नव्हे, नजर नव्हे, पण बाजारात कुणी खिशाकडे बघावं तसं. मग पडद्यावर आलं. त्याच्या पुढे एक व्यवहार, त्याच्या मागे एक, दोन्ही एकाच मालकाचे, आणि मध्ये तो, पाच टक्क्यांना जरासं कमी एवढा सोललेला. जरासं कमी का, तर पाचला भिडलं की व्यवहार मोडतो आणि लुटारूच्या हाती काहीच लागत नाही. किती नीटनेटकं काम. इतका वेळ ज्या भोळसटांना तो हसत आला होता त्यांच्या रांगेत उभं राहण्याचा अनुभव त्याला पहिल्यांदा आला, आणि त्याला लाज वाटायला हवी होती. पण वाटला तो आनंद. कडवट, पण आनंदच. खोट सापडली होती आणि ती त्याला सापडली होती. नोंदी वर-खाली करताना त्याला आणखी एक तसाच व्यवहार दिसला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांचा, चाचणीतल्या तिसांपैकी कुणाचा तरी. नाव नव्हतंच, नुसती अक्षरं आणि आकडे. यादी लावून बघितली असती तर नाव कळलं असतं. पण चाचणीवाल्यांत त्याला कधीच रस नव्हता. अर्ध्यांना डोकं नाही आणि उरलेल्यांना वेळ नाही. दुसरा पुरावा मिळाला हे बरं झालं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तीनच्या बैठकीत त्याने मोठ्या पडद्यावर दोन्ही व्यवहार लावले. “चार वाजता काही उघडायचं नाही,” तो म्हणाला. फुगेवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. संचालक म्हणाला, “अहो पण तुमचाच अहवाल आहे, सगळं सुरक्षित म्हणून!” “सही नाही माझी त्यावर,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग त्याने सांगितलं, शांतपणे, शब्द निवडून, की चहाच्या किमतीच्या चाचण्यांवर विसंबणं हा शुद्ध बावळटपणा आहे, म्हणून आपण स्वतःच्या खिशातले पैसे पणाला लावले. की पाकीट बंद असलं तरी अनामत बाहेर आहे आणि तिच्यावरून आतलं सगळं कळतं. नियम कुणाचा ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. “स्वतःचे पैसे?” संचालकाचा आवाज बदलला. “आणि हा योगायोग नाही,” तो पुढे म्हणाला, “हा बघा, सकाळचा. हे कुणी महाभाग आहेत. जन्माची पुंजी असावी, सगळी एकदम टाकलीय. मुभा पाच टक्के. म्हणजे दार सताड उघडं टाकून वर पाटी लावलीय, या आणि घेऊन जा.” सगळे हसले. त्याला त्या हसण्याने बरं वाटलं, सकाळपासून पहिल्यांदा. संचालकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या वहीत काही लिहीत होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे अनामत सर्वांना सारखीच ठेवायची ना आता?”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला.

“हो. तेच,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली. मग थांबून पुन्हा म्हणाल्या, “पण त्या सकाळच्या माणसाला कळवायला हवं कुणीतरी. त्याला माहीतही नसेल.”

“कळवू,” संचालक म्हणाला, म्हणजे विषय संपला. लोक उठले. बाई मात्र दाराशी घुटमळल्या, त्याच्याकडे बघत; त्या काहीतरी म्हणतील आणि आपण काय उत्तर द्यायचं याची त्याने जुळवाजुळव केली, पण त्या वही काखेत धरून निघून गेल्या. गणिताच्या शिक्षकांचं हे असंच, पायऱ्या सोडल्या की बघत राहायचं.

तो जागेवर येऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला. ताई.

“छोट्या, कामात आहेस का रे?”

“बोल.”

“अरे, झालं! टाकले मी पैसे. उद्या मशीनवाल्याला द्यायचेत, म्हटलं शेवटच्या क्षणी धावपळ नको. तुमच्या त्या वाटेने, सगळे एकदम, तू सांगितलंस तसं. काही कुठे अडकलं नाही की काही नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!”

त्याने विचारू नये ते विचारलं. “किती वाजता टाकलेस?”

“हे आंघोळीला गेले तेव्हा. दहा... सव्वादहा झाले असतील. का रे?”

“काही नाही.” समोर काचेपलीकडे प्रसिद्धीवाले फुग्यांतली हवा सोडत होते. एकेक फुगा चिरकत, लहान होत होता. मघाचं हसणं त्याच्या कानात आलं, पण आता ते खोलीभर लोकांचं नव्हतं. त्याचं एकट्याचं होतं. आता सांगायचं. एक वाक्य. ताई, ते चोरांनी नेले, आणि चोरांना वाट मी दाखवली, आणि एका बाईने मला सहा महिने आधी लिहून कळवलं होतं. अर्ध्या तासापूर्वी हे वाक्य त्याने दुसऱ्या कुणाबद्दल किती सहज उच्चारलं असतं. त्याने टेबलावरच्या पेनचं टोपण लावलं.

“एक बोलू?” ताई म्हणाली. “चिडू नकोस. तुमची फी जरा जास्त आहे. पावणेपाच टक्क्यांच्या आसपास कापले. पण मागच्या वेळी आठ गेले होते, त्या मानाने बरंच म्हणायचं. आणि ते चोरीला गेले होते, हे तर सुरक्षिततेचे पैसे. ते द्यावेच लागतात माणसाने, मी समजू शकते.”

“मशीनला पुरले?”

“थोडे कमी पडले. म्हणून मग यांच्याकडे मागितले दुपारी.” ती हसली, ते हसणं त्याला चांगलं ओळखीचं होतं, आईही कांदे घेऊन आली त्या दिवशी वडिलांपुढे तसंच हसली होती. “मागितले की देतात रे. नुसतं जरा बोलतात. चित्रं काढून शेवटी माझ्याच खिशात हात, असं काहीतरी. जाऊ दे ते. मी त्यांना सांगितलं, माझ्या भावाने एवढं मोठं काम केलंय, हजारो लोकांचे पैसे वाचणार आहेत त्याच्यामुळे. शेजारीही सांगितलं. तू बोलत नाहीस कधी स्वतःबद्दल, म्हणून म्हटलं आपणच सांगावं.”

त्याने समोरचा अहवाल उलटा करून ठेवला.

“छोट्या? ऐकतोयस ना?”

“हो. फी जास्तच आहे,” तो म्हणाला. आवाज चांगला लागला होता, कामाचा. “सांगतो मी त्यांना. कमी करायला सांगतो.”

“सांग. पण नीट सांग हं, टाकून बोलू नकोस कुणाला. तुझी ती सवय वाईट आहे. माणसं आहेत, चुकली असतील.”

“हो,” तो म्हणाला. आणि ती फीच होती, पावणेपाच टक्के फी, असंच आता आपणही जन्मभर धरून चालायचं, हे त्याने फोन ठेवायच्या आत ठरवून टाकलं.